पाण्यावरचा पत्ता

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण आपल्या भागात दोन भाषांत ऐकू येते. माझी थोरली बहीण लग्न होऊन धारवाडला गेली. घरात काही कार्य निघालं की अक्का ती मराठीत म्हणते आणि भावजी लगेच 'मनी कट्टि नोडु, मदिवी माडि नोडु' म्हणून जोड देतात. 2022 च्या दिवाळीत मात्र या म्हणीतल्या दोन्ही गोष्टी एकदमच अडल्या. त्यांच्या एकुलत्या मुलासाठी, म्हणजे माझ्या भाच्यासाठी, हुबळीचं एक स्थळ आलं होतं. मुलगा अमेरिकेत सिएटलला, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडले. मुलीच्या वडिलांनी साहजिकच विचारलं, "घर स्वतःचं की भाड्याचं?" भाच्यानं फोनवर खरं ते सांगून टाकलं, "स्वतःचं आहे. पण ती होडी आहे."

त्या स्थळाकडून पुन्हा फोन आला नाही.

अक्का आठ दिवस नीट जेवली नाही. भावजी पेपर तोंडासमोर धरून बसायचे आणि मधूनच "नीराग मनी?" असं स्वतःशीच म्हणायचे. पाण्यात घर! पोरगा एवढा शिकला, परदेशी गेला आणि राहतो कुठे तर कोळ्यासारखा होडीत, हे त्यांना पटेना. शेवटी दोघांनी ठरवलं की नवलूरकडची तीन गुंठे जागा विकायची आणि पैसे मुलाला पाठवायचे. त्यातून तिकडे फ्लॅटची पहिली रक्कम तरी भरता येईल. माझ्याकडे परिषदेच्या निमित्तानं पूर्वी काढलेला व्हिसा होता आणि कॉलेजला मे महिन्याची सुट्टी होती. अक्काच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. तेव्हा तिच्या वतीनं मी जायचं ठरलं. "तू मास्तर आहेस. मामाचं तो ऐकेल. होडीतनं त्याला खाली उतरव," एवढंच अक्का म्हणाली.

अशा रीतीनं 2023 च्या मे महिन्यात मी सिएटलला पोहोचलो.

हे शहर अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात आहे. राजधानीचं वॉशिंग्टन वेगळं, ते दुसऱ्या टोकाला. सिएटलच्या पश्चिमेला प्यूजेट साउंड नावाची समुद्राची लांबलचक खाडी, पूर्वेला लेक वॉशिंग्टन हे मोठं गोड्या पाण्याचं तळं आणि शहराच्या मधोमध लेक युनियन हे आणखी एक तळं. 1917 साली कालवा काढून आणि बॅलर्ड इथे पाण्याचे दरवाजे बसवून ही तळी समुद्राला जोडली. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा बरंच उंचावर आहे. त्यामुळे होडी दोन दरवाजांच्या मध्ये घेतात, पाणी भरून तिला उचलतात किंवा पाणी सोडून खाली उतरवतात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तळं आणि मध्ये टेकड्या. म्हणजे शहराला पसरायला मोकळी जमीन फारशी नाहीच.

त्यात बोइंगचे विमान कारखाने इथले. मायक्रोसॉफ्ट जवळच्या रेडमंडमध्ये. आणि 2010 पासून ॲमेझॉननं आपलं बस्तान लेक युनियनच्या दक्षिण काठाला मांडलं. पगारदार माणसं लोंढ्यानं आली, घरांच्या किमती आणि भाडी त्यांच्या मागोमाग वर चढली. आपल्या बेळगाव-हुबळी-धारवाडची कितीतरी मुलं तिथे आहेत. पण सगळ्यांनाच कंपनीचा पगार नसतो. भाचा प्रयोगशाळेतला माणूस. गावात एका खोलीच्या बऱ्या घराचं भाडं महिना दोन हजार डॉलरच्या आसपास, आणि ते देऊन हातात काय राहणार? म्हणून 2021 साली त्यानं छत्तीस फूट लांबीची एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. यादीत नाव घालून थांबला आणि राहण्याची परवानगी मिळाल्यावर सामान घेऊन होडीवर गेला. होडी बांधायच्या जागेचं भाडं, तिथे राहण्याचा जादा आकार आणि वीज मिळून महिना हजार डॉलरच्या आत बसतं, असं त्यानं मला पहिल्याच दिवशी वही काढून दाखवलं.

होडी म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर काश्मीरची नक्षीदार हाऊसबोट नाहीतर केरळातली चटयांच्या छपराची होती. प्रत्यक्षात तसं काही नव्हतं. शहराच्या वायव्येला शिलशोल बे मरीना म्हणून होड्या बांधून ठेवायचं मोठं बंदर आहे. चौदाशेच्या आसपास होड्या तिथे मावतात. त्यांतल्या बहुतेक हौसेच्या, शनिवार-रविवारी फिरायला काढायच्या. पण काहीशे माणसं त्या होड्यांमध्ये बाराही महिने राहतात. लांबून पाहिलं तर नुसत्या डोलकाठ्यांचं रान दिसतं. त्यातल्या कुठल्या डोलकाठीखाली चूल पेटते, ते जवळ गेल्यावरच कळतं. दाराशी बुटांचे जोड, कुंडीत पुदिना, दोरीवर टॉवेल.

आत उतरायला चार पायऱ्यांची शिडी. खाली एक लांबट खोली, तिची सगळ्यांत जास्त रुंदी साडेअकरा फूट. डाव्या हाताला दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर, उजवीकडे नकाशे पाहायचं टेबल, ज्यावर भाचा लॅपटॉप ठेवून काम करतो. पुढे दोन बाकं, टोकाला होडीच्या नाकाच्या आकाराची तिकोनी खाट. संडास एवढासा की आत शिरतानाच ठरवावं लागतं, बसायचं की वळायचं. कपाटांना खटके, कारण होडी हलली की उघडं कपाट रिकामं होतं. गणपतीची तसबीर एका फळीवर, खाली रबराचा तुकडा, घसरू नये म्हणून. अक्कानं दिलेला तीन लिटरचा कुकरही होता. संध्याकाळी त्याची शिट्टी झाली की शेजारच्या होडीतले एक आजोबा डोकं बाहेर काढायचे. दोन वर्षांत त्यांना वरणभाताची वेळ पाठ झाली होती.

पहिल्या रात्री मला झोप आली नाही. वाऱ्यानं डोलकाठीवर दोर आपटत होता, टक् टक् टक्. होडी हलत होती म्हणण्यापेक्षा श्वास घेत होती. पहाटे बाहेर आलो तर काठाकडे जाणारी फळी जवळजवळ सपाट होती. दुपारी तीच फळी घाटासारखी चढी झाली. इथे भरती-ओहोटीत दहा-अकरा फूट, कधी त्याहूनही जास्त फरक पडतो. सगळे धक्के तरंगते आहेत, त्यामुळे पाण्याबरोबर धक्का, होडी आणि शेजारपाजार सगळं मिळून वरखाली होतं. बदलतो तो फक्त जमिनीकडे जायचा चढ. भाचा किराणा आणायला निघायच्या आधी भरतीचं वेळापत्रक बघतो. ओहोटीच्या वेळी तांदळाचं पोतं घेऊन ढकलगाडी खाली सोडायची म्हणजे ती आपल्यालाच घेऊन धावते.

कष्ट कमी नाहीत. आंघोळीला काठावरच्या स्नानगृहात जायचं, पाऊस असो की थंडी. कपडे धुवायलाही काठावर. पाण्याच्या टाकीकडे आणि विजेच्या तारेकडे लक्ष ठेवायचं. हिवाळ्यात गारवा आणि दमटपणा एवढा की गादीखाली बुरशी धरते. हे ऐकल्यावर मी म्हणालो, "यात नवीन काय? बेळगावच्या पावसाळ्यात माझ्या पुस्तकांना दरवर्षी बुरशी येते." तो हसला आणि दमटपणा शोषणारं यंत्र दाखवत म्हणाला, "मामा, आपल्याकडे पावसाळा चार महिने असतो." होडीच्या बुडाला शंख-शेवाळ धरतं. दोन-तीन वर्षांनी तिला क्रेननं बाहेर काढून खरवडायचं आणि रंग लावायचा. त्याचा खर्च त्या महिन्याचं सगळं गणित विस्कटून टाकतो. पाणी बारा महिने बर्फासारखं थंड, म्हणून रात्री एकट्यानं होडीवर चढताना पाय घसरणं ही सगळ्यांत मोठी भीती. धक्क्यावर ठिकठिकाणी पाण्यातून वर यायच्या शिड्या लावलेल्या आहेत. त्या त्यानं मला पहिल्या दिवशीच एकेक करून दाखवल्या, जशी आपण पाहुण्याला मोरी दाखवतो.

आणि मैला. या विषयावर आपण चारचौघांत बोलत नाही, पण पाण्यावरच्या घराची सगळी कथा तिथेच आहे. होडीतला मैला एका टाकीत साठतो आणि ठरावीक दिवसांनी पंप लावून उपसून न्यावा लागतो. 2018 पासून प्यूजेट साउंडमध्ये होड्यांना मैलापाणी सोडायला पूर्ण बंदी आहे, प्रक्रिया केलेलंसुद्धा चालत नाही. टाकी उपसायचा वार भाचा भिंतीवर लिहून ठेवतो. मला तेव्हा ती त्याची शिस्त वाटली. तिच्यामागे काय आहे ते दोन दिवसांनी लेक युनियनवर समजलं.

लेक युनियनवर जी आहेत ती होड्या नव्हेत, खरोखरची घरं. त्यांना शीड नाही, इंजिन नाही. देवदाराच्या जातीच्या प्रचंड ओंडक्यांचा तराफा आणि त्यावर लाकडी घर. खिडक्या, गच्ची, टपालपेटी, सगळं आपल्या घरांसारखं. ओंडके कायम पाण्यात बुडालेले असतात म्हणून ते सहजी कुजत नाहीत. नवी घरं मात्र काँक्रीटच्या पोकळ तळावर असतात. तळ्याची पातळी त्या बॅलर्डच्या दरवाजांनी धरून ठेवलेली, त्यामुळे भरती-ओहोटीचा प्रश्न नाही. वर्षभरात पाणी साधारण दोन फूट वरखाली होतं एवढंच. अशी सुमारे पाचशे घरं आज सिएटलमध्ये आहेत. 1993 सालचा टॉम हँक्सचा 'स्लीपलेस इन सिएटल' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातलं पाण्यावरचं घर आठवत असेल. ते याच तळ्यात आहे. 2014 साली ते वीस लाख डॉलरहून अधिक किमतीला विकलं गेलं.

पण ही श्रीमंतांची वस्ती मुळात नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लाकूड तोडणारे, गिरणीत राबणारे, मासेमारीवर आणि होड्यांवर काम करणारे मजूर ओंडक्यांवर फळ्या ठोकून इथे राहू लागले. जमीन घ्यायची ऐपत नव्हती म्हणून पाण्यावर. 1930 च्या मंदीत अशा घरांची संख्या दोन हजारांच्या वर गेली होती, असं सांगतात. काठावरच्या गावातले लोक त्यांना नाकं मुरडायचे. पुढे 1962 साली शहरात जागतिक प्रदर्शन भरलं, उंच स्पेस नीडल उभी राहिली आणि शहराला आपलं रूप सुधारावंसं वाटू लागलं. पाण्यावरच्या घरांचा मैला थेट तळ्यात जातो, तेव्हा ही घरं हटवा, अशी हाकाटी सुरू झाली.

त्याच 1962 साली घरवाल्यांनी आपली संघटना काढली. टेरी पेटस नावाचा एक जुना डावा पत्रकार तिच्या पुढे होता. तो स्वतः त्याच वस्तीत राहायचा. त्यानं दोन गोष्टी केल्या. एक, खुद्द शहराच्या गटारांतून किती घाण तळ्यात येते ते दाखवून दिलं. आणि दुसरी, तेवढ्यावर थांबला नाही. 'तुम्हीही घाण करता' असं म्हणून आपली घाण स्वच्छ होत नाही, हे त्याला कळत होतं. 1958 साली सिएटलच्या लोकांनी मतदान करून मैलापाण्याची मोठी योजना मंजूर केली होती. 1968 पर्यंत लेक वॉशिंग्टनमध्ये जाणारं मैलापाणी त्या योजनेनं वळवलं गेलं. त्याच दशकात तराफ्यांवरच्या घरांनी आपापल्या धक्क्यांवरून नळ टाकून घेतले आणि शहराच्या ड्रेनेजला जोडून घेतलं. ज्या कारणानं त्यांना हटवायचं होतं, ते कारणच राहिलं नाही. काठावरच्या एका छोट्या बागेला आज टेरी पेटसचं नाव आहे. दोन बाकं, थोडी झाडं आणि पाण्यात उतरणारा उतार. आम्ही तिथे बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. समोरून छोटी विमानं पाण्यावरूनच उडत होती.

भाच्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई जवळच तराफ्यावरच्या घरात राहतात. त्यांनी आम्हांला चहाला बोलावलं होतं. घरात शिरताच मी सवयीनं पुस्तकांच्या कपाटाकडे गेलो. त्या म्हणाल्या, "ते कपाट घेतलं तेव्हा सगळं घर त्या बाजूला कललं. पाणबुड्याला बोलावून खाली हवेची पिंपं बसवावी लागली, तेव्हा सरळ झालं." ग्रंथांचा भार म्हणजे काय ते मी प्रथमच असं डोळ्यांनी पाहिलं.

त्यांनी 1970 च्या दशकात ते घर एका जुन्या मोटारीच्या किमतीत घेतलं होतं. "घर माझं होतं," त्या म्हणाल्या, "पण त्याच्या खालचं पाणी आणि ज्याला ते बांधलं तो धक्का दुसऱ्याचा होता." धक्क्याचा मालक भाडं वाढवी, नाहीतर जागा खाली करा म्हणे. तरंगतं घर ओढून नेता येतं हे खरं, पण न्यायचं कुठे? दुसरीकडे बांधायला जागाच शिल्लक नाही. म्हणजे चाकं असून रस्ता नसलेली गाडी. मला आपल्याकडची कुळं आठवली. राबणारा एक, सातबारा किंवा उतारा दुसऱ्याच्या नावावर. कर्नाटकात देवराज अर्स यांच्या काळात, 1974 पासून, कूळकायद्याची जोरदार अंमलबजावणी झाली. 'उळुववने ओडेय', म्हणजे कसेल तोच मालक, ही घोषणा आपल्या खानापूर-बैलहोंगलकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1977 साली, सिएटल नगरपालिकेनं धक्कामालकांच्या मनमानीला लगाम घालणारा कायदा केला. मालक कोर्टात गेले आणि 1983 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यातलं एक महत्त्वाचं कलम रद्द केलं.

मग शहाणपण असं सुचलं की भाडेकरूंनी एकत्र येऊन धक्काच विकत घ्यायचा. एकेका धक्क्यावरच्या दहा-पंधरा घरांनी वर्गणी काढली, कर्ज काढलं, सहकारी पद्धतीनं किंवा फ्लॅटसारखी वाटणी करून मालकी घेतली. बाईंच्या धक्क्यावर कुणाकडे पैसे कमी पडले तेव्हा शेजाऱ्यांनी घातले, ते त्यांना अजून नावानिशी आठवतात. ज्यांनी तेव्हा हे केलं ते राहिले. ज्यांना जमलं नाही ते गेले.

मी विचारलं, "आता एखाद्या मजुराला इथे घर मिळेल?" बाई थोडा वेळ पाण्याकडे बघत बसल्या. म्हणाल्या, "नाही. माझंच घर आज मला परवडलं नसतं." नव्या तरंगत्या घरांना दार जवळजवळ बंद आहे आणि असलेल्यांच्या किमती दहा लाख डॉलरच्या घरात किंवा पुढे. गरिबांनी जिवाचा आटापिटा करून वाचवलेली वस्ती अशी श्रीमंतांची झाली. त्यांनी लढा दिला नसता तर वस्तीच उरली नसती, आणि दिला म्हणून तिला भाव आला. यात दोष कुणाला द्यायचा?

परत येताना बसमध्ये भाचा गप्प होता. रात्री नऊ वाजता आम्ही होडीच्या पाठच्या बाजूला बसलो. तिकडे मे महिन्यात त्या वेळीही उजेड असतो आणि पलीकडे ऑलिम्पिक पर्वताची बर्फाची शिखरं तांबडी होतात. मी घसा साफ केला आणि अक्काचं काम करायला घेतलं. लग्नाचं वय, लोक काय म्हणतात, नवलूरची जागा, फ्लॅट. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तीच वही काढून शेवटचं पान उघडलं.

2018 साली तो शिकायला आला तेव्हा मालमड्डीचं राहतं घर बँकेत तारण ठेवून कर्ज काढलं होतं, हे मला माहीत होतं. मुलाचा पगार अमेरिकेचा, तेव्हा ते केव्हाच फिटत आलं असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पानावर हप्ते लिहिले होते. पहिल्या तीन वर्षांचे आकडे किरकोळ. 2021 च्या पावसाळ्यानंतर, म्हणजे होडीत राहायला आल्यापासून, ते एकदम तिप्पट झाले होते. भाड्यातले वाचलेले सगळे पैसे धारवाडला जात होते. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'डिसेंबर 2024'.

"तोवर बाबांच्या घराचे कागद सुटतील," तो म्हणाला. "फ्लॅट घेतला तर तीस वर्षांचं कर्ज. माझा व्हिसा नोकरीवर. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर देश सोडायचा. मग त्या फ्लॅटचं काय करू? होडी एक वेळ विकता येईल. मामा, नवलूरची जागा विकू देऊ नका. बाबांना तिथे आंबे लावायचेत."

"हे आईला का नाही सांगितलंस?"

"पगार किती कमी आहे ते सांगावं लागलं असतं."

मी त्याला होडीतून उतरवायला गेलो होतो. त्या रात्री उलट मीच खाली जाऊन त्याच्या वहीतले आकडे पुन्हा एकदा तपासले. बेरीज बरोबर होती.

बेळगावला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी धारवाडला गेलो. काय आणि किती सांगायचं ते वाटेत कित्तूर येईपर्यंत ठरत नव्हतं. शेवटी सगळंच सांगितलं. भाच्याची परवानगी घेतली होती. भावजींनी पेपर खाली ठेवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. अक्का उठून आत गेली आणि चहा करून घेऊन आली. एवढंच म्हणाली, "थंडीत अंगावर घ्यायला काय आहे त्याच्याकडे?" जागा विकायचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

होडीत राहावं असं मी कुणाला सांगणार नाही. तिथे म्हातारपण काढता येणार नाही, लहान मूल वाढवणं अवघड, आणि एका वादळाची काळजी शंभर रात्री करावी लागते. महाग शहरांचा प्रश्न त्यानं सुटतो असंही नाही. पाण्यावर गेलं तरी जमिनीचा हिशेब सुटत नाही. धक्का कुणाचा, ड्रेनेज कुठे जातं, उठवायचा अधिकार कुणाला, हे प्रश्न तिथेही येतातच. लेक युनियनच्या माणसांनी ते एकत्र येऊन सोडवले. आमच्या भाच्यानं एकट्यानं, वहीत आकडे मांडून, त्याच्यापुरते सोडवले. पण घर म्हणजे भिंती आणि उतारा एवढंच मानणाऱ्या आम्हां मोठ्या माणसांना हे दिसलं नव्हतं की तो होडीत राहत होता तो धारवाडचं घर राखण्यासाठी.

2024 च्या डिसेंबरात कर्ज फिटलं. भावजी बँकेतून कागद घेऊन आले, देवासमोर ठेवले आणि संध्याकाळी मला फोन केला. काही बोलले नाहीत, नुसतं "आयितु," म्हणाले. झालं. पुढच्या पावसाळ्यात नवलूरला पाच कलमं लागली. भाचा अजून होडीतच आहे, आता त्याच्या मर्जीनं. स्थळं येतात. घराबद्दल विचारलं की अक्का हल्ली स्वतःच सांगते, "होडी आहे. छत्तीस फुटांची. स्वच्छ ठेवतो."

आणि रविवारी फोन लावला की तिचा पहिला प्रश्न जेवण झालं का हा नसतो. ती विचारते, "आत्ता भरती आहे की ओहोटी?" ओहोटी असली तर म्हणते, "मग दुकानाला नंतर जा. फळी चढी असेल."